छोट्या विमानाने अटलांटिक: काटकसर कुठे होते आणि कुठे होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत युरोपातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जायचं आहे, बरोबर दोन वर्षांचं मूल आहे आणि तिथे उतरल्यावर दीड तासात पुढचं विमान पकडायचं आहे. तिकीट काढल्यावर कळलं की विमान एअरबसचं ए३२१ आहे, मधली वाट एकच, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. घरच्यांचं म्हणणं, हे दोन तासांच्या उड्डाणांचं विमान, ते आठ तास समुद्रावरून कसं नेतात? म्हणून तिकीट बदलावं का, असं तुम्ही विचारताय.

विमानासाठी बदलू नका. बदलायचंच असेल तर ते दीड तासावरचं पुढचं विमान बदला. असं का म्हणते ते नीट सांगते. मी पायलट म्हणून अकरा वर्षं बोइंग ७५७ या एका वाटेच्या विमानावर आणि नंतर पाच वर्षं ए३२१एलआर वर (ए३२१ चं लांब पल्ल्याचं रूप) याच महासागरावरून ये-जा केली आहे, आणि हा प्रश्न मला विमानात बसलेल्या माणसांनी अनेकदा विचारला आहे.

प्रश्नात 'छोटं' हा शब्द आहे, पण भीतीचं मूळ तिथे नाही. एका वाटेच्या विमानांनी अटलांटिक ओलांडणं ही नवी गोष्टच नाही. जेट विमानांनी अटलांटिकवरची प्रवासी सेवा सुरू झाली ती ऑक्टोबर १९५८ मध्ये, आधी ब्रिटिश कॉमेट ४ आणि त्याच महिन्यात बोइंग ७०७. दोन्ही एकाच वाटेची. दोन वाटांचं ७४७ आलं १९७० मध्ये, तोवर जेटने अटलांटिक ओलांडणारा प्रत्येक प्रवासी अशाच विमानात बसून गेला. खरा प्रश्न असा आहे: त्या दिवशीचा वारा, विमानाचं वजन आणि टाकीतलं इंधन यांचा मेळ बसल्यावर हातात शिल्लक किती उरते? आणि ती कमी पडली तर फटका कशाला बसतो: सुरक्षिततेला, की सामानाला, खुर्च्यांना आणि वेळापत्रकाला? माझ्या अनुभवात फटका नेहमी दुसऱ्या गटाला बसतो, आणि तो तसाच बसावा अशी सगळी व्यवस्था बांधलेली आहे.

आधी वारा, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. अमेरिकेहून युरोपला येताना तो पाठीशी असतो, जाताना समोर. ए३२१ हवेत ताशी साधारण ८३० किलोमीटरने जातं. साडेपाच हजार किलोमीटरचा मार्ग धरा, म्हणजे लंडन ते न्यूयॉर्क एवढा. वारा शून्य असेल तर ६ तास ४० मिनिटं लागतील. समोरून सरासरी १०० किलोमीटरचा वारा असेल तर साडेसात तास. १५० चा असेल तर आठ तासांच्या वर. परतीला तोच १०० चा वारा पाठीशी घेऊन सहा तासांच्या आत. नकाशावरचं अंतर तेच, पण विमानाच्या दृष्टीने ते अंतर रोज वेगळं असतं. म्हणून आम्ही जमिनीवरचे किलोमीटर बाजूला ठेवून हवेतल्या अंतराचा हिशोब धरतो. १५० च्या वाऱ्यात त्या साडेपाच हजारांचे सहा हजार सातशे होतात.

आता टाकी. ए३२१एलआर मध्ये मालाच्या कप्प्यात तीन जादा टाक्या बसवल्या की एकूण इंधन सुमारे ३३ हजार लिटर, म्हणजे २६ टन होतं. तासाला साधारण २.४ टन खर्च धरा. सुरुवातीला विमान जड असतं तेव्हा जास्त, शेवटी कमी. आठ तासांचे झाले १९ टनांच्या वर. त्यावर अंदाज चुकला तर म्हणून राखीव (युरोपीय नियमांत प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के ही नेहमीची पद्धत), मुक्कामाच्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि सगळ्यात शेवटी दीड हजार फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. ही शेवटची तीस मिनिटं कागदावरसुद्धा कोणी खर्चात धरत नाही. त्याला हात लागणार असं दिसलं, तर कॅप्टनने 'मेडे', म्हणजे संकटाचा इशारा, पुकारायचा असतो. सगळं मिळून आठ तासांच्या प्रवासाला साडेतेवीस ते चोवीस टन लागतात, म्हणजे दोनेक टन मोकळे राहतात. प्रवास नऊ तासांवर गेला की टाकी काठोकाठ भरते.

यावरून लक्षात येईल की 'ए३२१ अटलांटिक ओलांडू शकतं का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. डब्लिनहून न्यूयॉर्क सुमारे ५,१०० किलोमीटर आहे. तिथे जानेवारीतही मला घाम फुटत नाही. स्टॉकहोमहून न्यूयॉर्कच्या परिसरात यायचं तर ६,३०० च्या आसपास; तिथे १०० च्या वाऱ्यात जमतं, १५० च्या वाऱ्यात जमत नाही. विमान तेच, पायलट तेच, निकाल वेगळा. शिवाय ए३२१ नावाची सगळी विमानं सारखी नाहीत. एलआर चा पल्ला ७,४०० किलोमीटर सांगितला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये माद्रिद–बॉस्टन मार्गाने प्रवासी सेवेत आलेल्या एक्सएलआर चा ८,७०० किलोमीटर. त्यात मागच्या बाजूला १२,९०० लिटरची टाकी विमानाच्या अंगातच बांधलेली आहे आणि उड्डाणाचं कमाल वजन ९७ टनांवरून १०१ टनांवर नेलं आहे. तुमचं विमान एक्सएलआर असेल तर वाऱ्याबद्दल मी लिहिलेलं बरंचसं तुम्ही सोडून दिलं तरी चालेल.

पण टाकीत जागा आहे म्हणून ती भरता येतेच असंही नाही. दुसरी मर्यादा वजनाची. एलआर ९७ टनांच्या वर उडू शकत नाही. लांब पल्ल्याच्या खुर्च्या, खाणंपिणं, क्रू असं धरून विमान स्वतःच ५० टनांच्या पुढे-मागे असतं. २६ टन इंधन घातलं की माणसं आणि सामान यांना वीसेक टन उरतात. एक प्रवासी सामानासकट शंभर किलो धरा. म्हणूनच या मार्गांवरच्या ए३२१ मध्ये दोनशेच्या वर खुर्च्या कोंबलेल्या सहसा दिसत नाहीत, दीडशेच्या आसपास दिसतात. विमान कंपनीने अंथरूण पाहून पाय पसरलेले असतात.

उड्डाणाआधी डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा) आणि मी कागद समोर घेऊन बसतो तेव्हा हेच ठरतं. वारा अंदाजापेक्षा वाढलेला असला तर आमच्यापुढे चारच वाटा असतात. मार्ग उत्तरेला वळवून वाऱ्याला बगल द्यायची. माल उतरवायचा. काही खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या. नाहीतर आधीच जाहीर करायचं की वाटेत इंधनासाठी उतरू. राखीव इंधनातून थोडं काढून घेऊ, ही पाचवी वाट त्या टेबलावर नसतेच. एकदा आम्ही अकरा बॅगा मागे ठेवून निघालो. त्या दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आल्या. बॅग न मिळालेल्या माणसाला राग येणारच, आणि तो रास्त आहे. पण त्या बॅगांच्या वजनाचं इंधन तेव्हा माझ्या टाकीत होतं.

वाटेत उतरण्याचा प्रसंगही सांगते, कारण तुमच्या पुढच्या विमानाचा संबंध त्याच्याशी आहे. ७५७ वरची गोष्ट. फेब्रुवारी महिना, युरोपच्या बऱ्याच आतल्या शहरातून निघालो होतो. निघताना आकडे बसत होते. तीस अंश पश्चिम रेखांशावर तपासलं तेव्हा इंधन अंदाजापेक्षा सहाशे किलो कमी. चाळीस अंशांवर नऊशे. तूट वाढतेय हे त्यातलं वाईट. फर्स्ट ऑफिसर म्हणाला, "मॅडम, अजून चालेल, पुढे वारा पडतोय असं दाखवतंय." दाखवत होतं खरं. पण आमच्या मुक्कामावर बर्फ पडत होतं आणि तिथे वरती वाट पाहायला लागण्याची शक्यता होती. पन्नास अंशांच्या अलीकडेच मी गँडर, म्हणजे कॅनडाच्या पूर्व टोकाजवळचा विमानतळ, मागितलं. उतरलो, इंधन घेतलं, पंखांवरचं बर्फ काढून घेतलं, पुन्हा निघालो. एकूण पावणेदोन तास गेले. मागच्या रांगेतल्या एका बाईंचं पुढचं विमान चुकलं. त्या उतरताना माझ्याशी काही बोलल्या नाहीत. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो आणि त्यांचा चेहराही आठवतो.

हे फक्त माझ्याच वाट्याला आलं असं नाही. २०११-१२ च्या हिवाळ्यात समोरचे वारे नेहमीपेक्षा जोरात होते आणि अमेरिकेकडे जाणारी ७५७ विमानं अनेकदा अशी मध्येच उतरली. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी व्यवस्था जशी चालायला हवी तशीच चालली होती. वर्तमानपत्रात मात्र ते 'इंधन कमी पडलं' असं छापून येतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टाकीत शेवटचा थेंब असलेलं विमान उभं राहतं. गँडरला उतरलो तेव्हा माझ्याकडे अजून दोन तासांपेक्षा जास्त उडण्याइतकं इंधन होतं.

आता दुसरी भीती: इंजिनं दोनच, खाली समुद्र. इथे मोठं विमान आणि छोटं विमान यांत फरक नाही. आज अटलांटिक ओलांडणारी बहुतेक मोठी विमानंही दोन इंजिनांचीच आहेत. या उड्डाणांना 'ईटॉप्स' नावाची नियमावली लागू होते. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या जोरावर ठरलेल्या वेळेत उतरता येईल असा विमानतळ मार्गावर प्रत्येक क्षणी असला पाहिजे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, पुढे १८० वर. १८० मिनिटांच्या परवानगीसाठी इंजिन हवेत बंद पडण्याचं प्रमाण एक हजार तासांमागे ०.०२ च्या आत असावं लागतं, म्हणजे पन्नास हजार तासांत एकदा. ए३२१निओ (एलआर आणि एक्सएलआर ही त्याचीच रूपं) आणि बोइंगचं एका वाटेचं ७३७ मॅक्स, दोन्हींना १८० ची परवानगी आहे. आयर्लंडमधलं शॅनन ते गँडर सुमारे ३,२०० किलोमीटर. अगदी मधोमध एक इंजिन गेलं तरी कुठलंही टोक अडीच तासांच्या आत, आणि मध्ये आइसलंडमधलं केफ्लाविक आणि अझोर्स बेटांवरचं लाजेस आहेतच.

इथे छोट्या विमानाची एक जमेची बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. मला धावपट्टी कमी लांबीची चालते, उभं राहायला जागा कमी लागते, आणि दीडशे माणसांची सोय लावणं साडेतीनशेंपेक्षा सोपं असतं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा गँडरने ३८ प्रवासी विमानं उतरवून घेतली होती, त्यामुळे त्या गावाबद्दल आम्हा सगळ्यांच्या मनात वेगळीच जागा आहे. पण हिवाळ्यात धुकं, बर्फ किंवा आडवा वारा असताना तिथेही पर्याय मोजून धरावे लागतात. निघण्यापूर्वी त्या विमानतळांचं हवामान नेहमीच्या उतरण्याच्या अटींपेक्षा कडक अटींवर तपासलं जातं. केफ्लाविकला आडवा वारा जास्त दिसला तर ते आमच्या यादीतून गळतं आणि मार्ग बदलतो.

इंजिनापेक्षा मी स्वतः ज्या शक्यतेचा जास्त विचार करते ती म्हणजे केबिनमधला हवेचा दाब जाणं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटांपुरता असतो, तेवढ्यात दहा हजार फुटांवर यावं लागतं. तिथे हवा दाट, इंधन जास्त जळतं, आणि विमानतळ अजून दोन तासांवर. म्हणून मार्गावरचा असा बिंदू आधीच काढलेला असतो जिथून पुढचा आणि मागचा विमानतळ वेळेच्या हिशोबाने सारख्याच अंतरावर आहेत. तिथे दाब गेला, खाली आलो, वर एक इंजिनही गेलं, पंखांवर बर्फ धरलं, तरी विमानतळावर पोहोचून पंधरा मिनिटं वाट पाहून उतरता आलं पाहिजे एवढं इंधन त्या बिंदूवर असायलाच हवं. हा आकडा रोजच्या हिशोबापेक्षा मोठा निघाला तर निघतानाच जादा इंधन घ्यावं लागतं. मालाच्या कप्प्यातली आग विझवण्याची यंत्रणासुद्धा तेवढा वेळ पुरून वर पंधरा मिनिटं टिकली पाहिजे.

आणि मोठ्या आकारावर विसंबू नये याचंही एक उदाहरण. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या दोन वाटांच्या ए३३० विमानात अटलांटिकवर इंधनगळती झाली, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते तरंगत लाजेसला उतरलं. आतले ३०६ जण वाचले. कारण होतं एका इंजिनात न जुळणाऱ्या नळ्या बसवल्या गेल्या हे. दर ठरलेल्या बिंदूला इंधन मोजून टाकीच्या आकड्याशी ताडून पाहण्याचा आमचा परिपाठ अशा घटनांनीच पक्का केला. तेव्हा विमान निवडताना वाटा मोजू नका.

उडण्यातले फरक थोडक्यात सांगते. मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांनी जातात, आम्ही ७८ ने. भरलेलं विमान सुरुवातीला ३१-३३ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे ढगांच्या वरून जायची मुभा आम्हाला उशिरा मिळते. 'छोटं विमान जास्त हलतं' हे मात्र सरसकट खरं नाही. भरलेल्या ए३२१ चे पंख वजनाच्या मानाने लहान असतात आणि असं विमान झोताला उलट कमी दाद देतं. धक्के जाणवतात ते मुख्यतः उंची आणि त्या दिवशीची हवा यांमुळे.

जिथे मला खरोखर काळजी वाटते ती गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही: थकवा. मोठ्या विमानात क्रूला झोपायला बंक असतात. आमच्याकडे नाहीत. प्रवास आठ-नऊ तासांच्या पुढे गेला की अमेरिकी नियमांप्रमाणे तिसरा पायलट लागतो आणि त्याला टेकायला प्रवाशांतलीच एखादी चांगली खुर्ची पडदा लावून राखावी लागते. ती विकता येत नाही, म्हणून ती टाळता येईल असे मार्ग आखण्याकडे कंपन्यांचा कल असतो. दोघांनी साडेआठ तास, त्यातले शेवटचे दोन बर्फाच्या हवेत, हे नियमात बसतं. पण नियमात बसणं आणि ताजंतवानं असणं यांत अंतर आहे. या बाबतीत मी नेहमी कडक नियमांच्या बाजूने बोलत आले आहे आणि बोलत राहीन. पूर्वेकडचं रात्रीचं उड्डाण सहा तासांचं असलं तरी शरीराला ते जास्त जड जातं. तुम्ही जाताय ते दिवसाचं असेल, ते तुलनेने बरं.

आता तुमचं मूल. केबिनमधला दाब आमच्याकडे जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेसारखा असतो. ७८७ किंवा ए३५० या दोन वाटांच्या विमानांमध्ये तो सहा हजारांच्या आसपास ठेवतात. निरोगी मुलाला यात धोका नाही, पण चिडचिड आणि तहान थोडी जास्त, म्हणून पाणी पाजत राहा. मधली वाट एकच असल्याने जेवणाची गाडी बाहेर आली की संडासापर्यंत जाता येत नाही, मग मूल रडतं आणि आईबापांना घाम फुटतो. गाडी निघण्याआधीच उठा. मागची जागा गोंगाटाची पण संडास आणि गॅलीजवळची (गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर), आणि दोन वर्षांच्या मुलासाठी मी तीच घेईन. मुलाला हिंडवायला दुसरी वाट नाही हे खरं. गॅलीपाशी उभं राहून द्यायला क्रू सहसा हरकत घेत नाही, जेवण आवरल्यावर विचारा. हातातलं सामान कमी ठेवा, कारण डोक्यावरचे कप्पे लवकर भरतात.

आणि ती दीड तासांची जोडणी. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना इंधनासाठी उतरावं लागलं तर दीड-दोन तास जातात. उतरलो नाही तरी वाऱ्यामुळे अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि सामान दोन्ही करावं लागतं. आयर्लंडमधून निघत असाल तर अमेरिकी तपासणी तिथेच होते, तेवढा एक भाग वाचतो. किमान चार तास ठेवा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील असं पाहा, म्हणजे पुढचं चुकलं तरी दुसऱ्या विमानात बसवून देणं कंपनीवर येतं. मार्ग सहा हजार किलोमीटरच्या पुढचा असेल आणि विमान एक्सएलआर नसेल, तर औषधं, मुलाचे डायपर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत घ्या. मागे राहणाऱ्या अकरा बॅगांमध्ये तुमची असू शकते.